वजन कमी करण्याच्या औषधासाठी पहिली भेट : डॉक्टर काय विचारतात, आपण काय विचारावे?

अंत्रुजकन्या (फोंडा)

नमस्कार मंडळी. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ज्या इंजेक्शनांची सध्या सर्वत्र चर्चा आहे, ती मला लागू पडतील का हे विचारण्यासाठी मी पणजीतील एका एंडोक्रायनॉलॉजिस्टची (संप्रेरकांच्या विकारांच्या तज्ज्ञाची) वेळ घेतली आहे. माझे वय ४६, उंची १५६ सेंमी आणि वजन ८२ किलो आहे. थायरॉइड ग्रंथी कमी काम करते म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. मागच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.२ आला आणि माझ्या आईला मधुमेह होता. शाळेत शिकवत असल्यामुळे दिवसातला बराच वेळ उभे राहावे लागते आणि संध्याकाळी घरचा जिना चढताना गुडघे दुखतात.

आहार, चालणे, योगवर्ग हे सर्व मी मनापासून केले आहे. दर वेळी पाच-सहा किलो वजन उतरते आणि वर्षभरात परत येते. आता औषधाचा मार्ग असेल तर तो समजून घ्यावा असे वाटते, पण ऐकीव माहितीने गोंधळ झाला आहे. शाळेतल्या एक सहकारी म्हणाल्या की थायरॉइड असेल तर हे इंजेक्शन देतच नाहीत. दुसऱ्या म्हणाल्या की पहिल्याच दिवशी सुई टोचून घरी पाठवतात आणि काही विचारतही नाहीत. ज्यांनी अशी भेट घेतली आहे किंवा ज्यांना या विषयातले कळते, त्यांनी कृपया सांगावे की त्या खोलीत नेमके काय होते, सोबत काय न्यावे आणि कोणते प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर पडू नये.

तिसवाडीकर

ताई, मी गेल्या वर्षी या भेटीतून गेलो आहे, त्यामुळे माझा अनुभव सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी परिचारिकेने वजन आणि उंची घेतली. त्यानंतर रक्तदाब मोजताना तिने नेहमीचा पट्टा बाजूला ठेवून कपाटातून रुंद पट्टा काढला. मी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि विनाकारण एखादी गोळी वाढते. ही गोष्ट तोपर्यंत मला कोणीच सांगितली नव्हती. कंबरेचा घेर तिने शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरून, मला सावकाश श्वास सोडायला सांगून मोजला. पोट आत ओढून घ्यायची आपल्याला सवय असते, पण तिथे तसे करू नये. मानेचा घेरही घेतला. मानेच्या मागची त्वचा काळसर आणि मखमलीसारखी जाड झाली आहे का, हे डॉक्टरांनी स्वतः पाहिले. ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. आपण मात्र ती मळ समजून घासत बसतो.

त्यानंतरचा बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांत गेला. वजन कधीपासून वाढू लागले, आयुष्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वजन किती, कोणत्या घटनेनंतर ते वाढले, आधी कोणते उपाय केले आणि ते का सुटले, हे त्यांनी विचारले. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकल्याचे घरच्यांनी पाहिले आहे का, दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो का, हेही विचारले. पत्नी सोबत होती म्हणून घोरण्याबद्दलचे खरे उत्तर मिळाले, एकट्याला ते देता आले नसते. मन उदास असते का, एकदा खायला बसल्यावर हात थांबत नाही असे होते का, असेही प्रश्न होते. मद्याबद्दल त्यांनी अगदी स्पष्ट विचारले. आपल्याकडे उन्हाळ्यात उर्राक आणि एरवी फेणी किंवा बिअर यांना कोणी फारसे मोजत नाही, पण आठवड्यातून किती दिवस आणि किती प्रमाणात हे खरे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा स्वादुपिंड आणि यकृत या दोहोंशी संबंध येतो.

इंजेक्शनाचा विषय भेटीच्या शेवटी शेवटी निघाला आणि त्या दिवशी मला औषध लिहून मिळाले नाही. रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. मला प्रथम निराशा वाटली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा त्या विलंबाचे महत्त्व कळले. घरी असतील तेवढे जुने रिपोर्ट सोबत न्या आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. नुसती नावे सांगण्यात चूक होते.

निवृत्त फिजिशियन (मडगाव)

तिसवाडीकरांनी भेटीचे चित्र अचूक उभे केले आहे. त्यात वैद्यकीय बाजूची भर घालतो, आणि आरंभ थायरॉइडपासूनच करतो, कारण या एका गैरसमजामुळे अनेक रुग्ण विनाकारण मागे फिरतात.

अंत्रुजताई, तुम्हाला आहे तो हायपोथायरॉइडिझम आणि तो या औषधांच्या आड येत नाही. ही इंजेक्शने म्हणजे सेमाग्लूटाईड आणि टिर्झेपॅटाईड. या दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकात जो इशारा आहे तो थायरॉइडच्या एका विशिष्ट आणि विरळ कर्करोगाबद्दल आहे. त्याला मेड्युलरी कार्सिनोमा म्हणतात. उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत थायरॉइडमधील सी-पेशींच्या गाठी आढळल्या होत्या, माणसांत तसे घडते असे सिद्ध झालेले नाही, तरीही ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला हा कर्करोग झाला आहे, किंवा ज्यांच्या घराण्यात एमईएन-२ नावाचा आनुवंशिक विकार आहे, त्यांना ही औषधे देत नाहीत. म्हणून घरी विचारून जा. मामा, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती का, आणि झाली असल्यास ती साध्या गाठीची होती की कर्करोगाची, हे शक्य तितके शोधा. आपल्या घरांतून 'गळ्याचे ऑपरेशन' एवढेच माहीत असते आणि डॉक्टरांना तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही. तुमच्या थायरॉक्सिनच्या गोळीबाबत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. वजन उतरले की तिची मात्राही कमी करावी लागू शकते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी पुन्हा करण्याची वेळ आधीच ठरवून घ्या.

तुमचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ३३.७ येतो. ही औषधे साधारणतः बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा २७ वा त्याहून अधिक असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेतील श्वासरोध यांसारखा विकार असेल, तर विचारात घेतात. भारतीयांमध्ये पोटाभोवतीची चरबी कमी वजनालाही त्रास देते म्हणून आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी आहे. गोव्यात तर डॉक्टर साखरेकडे आधी पाहतील. आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले तर देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. तुमचा ६.२ हा आकडा मधुमेहपूर्व अवस्थेतला आहे आणि आईचा इतिहास आहे, त्यामुळे केवळ गुडघ्यांसाठी किंवा दिसण्यासाठी तुम्ही जात आहात असे कोणी समजण्याचे कारण नाही.

तपासण्यांमध्ये सामान्यतः उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि टीएसएच या असतात, आणि गरजेनुसार बी-१२, ड जीवनसत्त्व किंवा सोनोग्राफी सांगतात. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण साखर झपाट्याने खाली आली तर आधीच असलेला पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, पोट रिकामे होण्यास फार वेळ लागण्याचा विकार असेल, पित्ताशयात खडे असतील, तर ते आपण होऊन सांगावे, विचारण्याची वाट पाहू नये.

रिपोर्ट हाताशी असतील आणि कोणताही अडथळा नसेल तर पहिल्याच भेटीत औषध लिहून देणे गैर नाही. प्रश्न न विचारता लिहून देणे गैर आहे.

अंत्रुजकन्या (फोंडा)

डॉक्टरसाहेब, आपले आभार कसे मानू? थायरॉइडबद्दलची भीती गेली. माझ्या मावशीची गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तिचे कागद मावसभावाकडे पेडण्याला आहेत आणि ते मी मागवले आहेत. आता दोन शंका उरतात. खर्च किती येतो, आणि हे औषध किती काळ घ्यावे लागते?

औषधविक्रेती (म्हापसा)

ताई, खर्चाचे मी सांगते, कारण दुकानात रोज हाच प्रश्न येतो. टिर्झेपॅटाईड म्हणजे मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा २.५ मिग्रॅच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिग्रॅच्या कुपीची ४,३७५ रुपये होती, आणि कुपी आठवड्याला एक लागते. म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये झाले. सेमाग्लूटाईड असलेले वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये आले आणि पुढे त्याची किंमत उतरवण्यात आली. सेमाग्लूटाईडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे या बाजारातल्या किमती स्थिर नाहीत. शेजारणीने सांगितलेल्या रकमेवर विसंबू नका, भेटीच्या आठवड्यातच चौकशी करा. मात्र एक चूक टाळा. पहिल्या महिन्याच्या मात्रेची किंमत ऐकून हिशेब करू नका. मात्रा वाढत जाते तशी किंमतही बहुधा वाढते, म्हणून 'मी ज्या मात्रेवर स्थिरावेन तिचा मासिक खर्च किती' असे विचारा आणि तो वर्षभर झेपेल का ते घरी बसून ठरवा. मध्येच पैसे संपले म्हणून बंद करणाऱ्या माणसांना मी काउंटरवरून पाहते आणि मला त्यांचे फार वाईट वाटते. विमा असेल तर कंपनीला लेखी विचारा, कारण बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली औषधे बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि पक्के बिल घ्यायलाच हवे, ज्यावर बॅच क्रमांक असेल. सेमाग्लूटाईडच्या बनावट मालाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. समाजमाध्यमांवर कोणी स्वस्तात इंजेक्शनाचे पेन देऊ करत असेल तर ते घेऊ नका.

सत्तरीचा

माझ्या वडिलांच्या बाबतीत घडले ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातून कोणाला तरी उपयोग होईल. त्यांना मधुमेह आहे आणि ते साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. एका खाजगी ठिकाणी त्यांचे वजन पाहून, चालू गोळ्यांची चौकशी न करता, इंजेक्शन सुरू करण्यात आले. वडील एकादशी आणि संकष्टी निष्ठेने पाळतात. इंजेक्शनामुळे भूक आधीच मंदावली होती, त्यात उपवास, आणि सकाळची साखरेची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतलेली. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. आईने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी दिले म्हणून निभावले.

त्यानंतर आम्ही बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) मेडिसीन ओपीडीत गेलो. केसपेपर काढून रांगेत बसावे लागले, सकाळ पूर्ण गेली, परंतु तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'बाबा, कोणत्या गोळ्या घेता आणि उपवास करता का?' हाच. ग्लिमेपिराइड कमी केले, उपवासाच्या दिवशी काय करायचे ते कागदावर लिहून दिले आणि इंजेक्शन पुन्हा सर्वांत लहान मात्रेपासून सुरू केले. आता त्यांचे बरे चालले आहे. आपले उपवास, सोमवार, चवथीचे दिवस, हे सर्व पहिल्या भेटीत सांगा. हा धार्मिक विषय आहे, डॉक्टरांना काय सांगायचे, असे मानू नका.

निवृत्त फिजिशियन (मडगाव)

सत्तरीकरांनी अत्यंत मोलाची गोष्ट सांगितली आहे. ही इंजेक्शने एकटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता कमी असते, परंतु ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन सोबत असेल तर ती शक्यता वाढते आणि त्या औषधांची मात्रा आधीच कमी करावी लागते. याच कारणासाठी गोळ्यांची पाकिटे नेण्याचा सल्ला योग्य आहे. आणखी एक कारण आहे. काही औषधे स्वतःच वजन वाढवतात. स्टेरॉइड, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, मनोविकारांवरील काही औषधे, मधुमेहावरील पायोग्लिटाझोन ही त्यांतली काही. कित्येकदा डॉक्टर पहिल्या भेटीत नवे औषध देण्याऐवजी जुने बदलतात आणि तोही उपचारच असतो. ती औषधे स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नयेत.

आता मात्रेबद्दल. टिर्झेपॅटाईड आठवड्याला २.५ मिग्रॅपासून सुरू होते. ही मात्रा वजन उतरवण्यासाठी नसून पोटाला सवय लावण्यासाठी आहे. चार आठवड्यांनंतर ५ मिग्रॅ, आणि पुढे गरज असेल तरच, दर वेळी किमान चार आठवडे थांबून, १५ मिग्रॅपर्यंत वाढवतात. वेगोवीची सुरुवात ०.२५ मिग्रॅने होऊन चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनी २.४ मिग्रॅपर्यंत जाते. त्यामुळे पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून खचून जाऊ नका, आणि घाई करून मात्रा वाढवण्याचा आग्रहही धरू नका. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, जुलाब हे त्रास मात्रा वाढते त्या दिवसांत अधिक होतात. पोटात तीव्र, न थांबणारी वेदना होऊन ती पाठीकडे जात असेल, डोळे पिवळे दिसत असतील, किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

परिणामाबद्दल वास्तव अपेक्षा ठेवा. सेमाग्लूटाईडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, तर नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि औषधाविना सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के उतरले. टिर्झेपॅटाईडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत मात्रेनुसार हा आकडा सुमारे १५ ते २१ टक्के होता. ही सरासरी आहे. कोणाचे याहून अधिक उतरते, कोणाचे अगदी थोडे.

केपेकर

सर्वांचे लिखाण आदराने वाचले, पण मनात प्रश्न येतो तो मांडतो. आमचे आजोबा-पणजोबा शीत-कडी (भात-आमटी) खाऊन, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राबून सडसडीत राहिले. मनाचा निश्चय असेल तर औषधाची गरज का भासावी? आणि औषध बंद केल्यावर वजन परत येत असेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

निवृत्त फिजिशियन (मडगाव)

केपेकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नातच अंत्रुजताईंच्या 'किती काळ' या शंकेचे उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वजन उतरले की शरीर ते परत मिळवण्याचा प्रयत्न करते. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, तृप्ती देणारे लेप्टिन घटते, आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की आहार नियंत्रणाने वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटले तरी भुकेच्या संप्रेरकांतील हा बदल पुरता ओसरत नाही. ताईंचे पाच-सहा किलो दर वेळी परत येतात ते निश्चय कमी पडल्यामुळे नव्हे. आजोबांच्या काळी अंगमेहनत होती, गावात चालणे होते आणि हाताशी असलेले अन्नही मोजकेच होते. त्या परिस्थितीत जी शरीरे टिकली तीच आज स्कूटरवर आणि खुर्चीवर आहेत.

औषध थांबवल्यावर काय होते हे मोजलेले आहे. सेमाग्लूटाईडच्या त्याच चाचणीतील काही जणांचा औषध बंद केल्यानंतर वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते. म्हणून मी याकडे रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घकाळाचा उपचार म्हणून पाहतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा की आपण हे किती काळ योजत आहात, किती महिन्यांत किती परिणाम दिसला नाही तर बंद कराल, आणि बंद करताना वजन टिकवण्यासाठी काय कराल. या तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला वेळ नसलेल्या ठिकाणी मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही.

ज्यांना ही औषधे चालत नाहीत किंवा परवडत नाहीत त्यांच्यासाठी ऑर्लिस्टॅट नावाचे पोटात घ्यायचे औषध आहे, त्याचा परिणाम कमी आणि तेलकट शौचाचा त्रास ठरलेला. बीएमआय फार जास्त असेल तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो. केपेकरांचा निश्चय या सर्वांत लागतोच, फक्त तो एकटा पुरत नाही.

पोषणसल्लागार (पर्वरी)

आहाराबद्दल थोडे लिहिते. पहिल्या भेटीपूर्वी तीन-चार दिवस जे खाल ते जसेच्या तसे लिहून ठेवा, पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) सकाळच्या पावापासून रात्रीच्या शीत-कडीपर्यंत, आणि त्या दिवसांत मुद्दाम कमी खाऊ नका. नेहमीचे ताट दिसले तरच सल्ला देता येतो.

भूक मंदावली की लोक दोन घास पेज आणि लोणचे खाऊन उठतात. त्यात प्रथिने नाममात्र असतात आणि मग चरबीसोबत स्नायूही झडतात. वयाच्या चाळिशीनंतर गेलेले स्नायू परत मिळवणे कठीण असते. म्हणून ताटात आधी नुस्ते (मासळी), मग भाजी, शेवटी भात असा क्रम ठेवा. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे १९-२० ग्रॅम प्रथिने असतात, आणि तो तळण्याऐवजी हुमणात (मासळीच्या आमटीत) किंवा तव्यावर थोड्या तेलात केला तर मळमळही कमी होते, कारण तळलेले अन्न या औषधांवर पोटात जड होते. श्रावणात अनेक घरांत मासळी बंद असते. तेव्हा मूग, चवळी, दही, पनीर यांची आखणी आधीच करावी लागते, आणि तुमची भेट त्या सुमारास असेल तर हा प्रश्न तिथेच काढा. सोबत आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हवा. ताईंच्या गुडघ्यांना झेपेल असा व्यायाम फिजिओथेरपिस्ट दाखवू शकतात.

डिचोलीची लेक

माझे वय २९ आहे, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा संप्रेरक-विकार) आहे, आणि पुढच्या वर्षी आम्हाला मूल हवे आहे. सध्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. ही भेट मीही घेणार आहे. हे सर्व तिथे सांगताना संकोच वाटतो, कारण सासूबाई सोबत येतील.

निवृत्त फिजिशियन (मडगाव)

लेकी, हे सांगितल्याशिवाय ती भेट पूर्णच होऊ शकत नाही. गरोदरपणात ही औषधे देत नाहीत. सेमाग्लूटाईड तर गर्भधारणेच्या प्रयत्नापूर्वी किमान दोन महिने बंद करावे लागते. टिर्झेपॅटाईडमुळे पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीनंतर चार आठवडे आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे निरोध किंवा गोळीखेरीज दुसरे साधन वापरायचे असते. पीसीओएसमध्ये वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात, हेही ध्यानात घ्या. संकोचाचा मार्ग सोपा आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना 'मला थोडे एकटीने बोलायचे आहे' एवढे सांगा. सासूबाईंना बाहेर बसायला सांगण्याचे काम डॉक्टर स्वतः करतील, तुम्हाला करावे लागणार नाही.

ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने आणखी एक लक्षात ठेवावे. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा भूल देऊन करायची तपासणी ठरली तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगा. पोट उशिरा रिकामे होत असल्यामुळे नेहमीचा उपास पुरेसा ठरेलच असे नाही.

अंत्रुजकन्या (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. माझी वही भरली आहे. शेवटची शंका औषधविक्रेतीताईंना. डॉक्टरांनी लिहून दिलेच तर औषध पणजीहून फोंड्याला आणायचे, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. मध्येच एखादा आठवडा चुकला तर काय करायचे?

औषधविक्रेती (म्हापसा)

ताई, न वापरलेले औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, दाराच्या कप्प्यात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, कारण एकदा गोठलेले औषध वितळले तरी वापरता येत नाही. मौंजारोची न वापरलेली कुपी किंवा पेन गरज पडल्यास ३० अंशांखाली २१ दिवसांपर्यंत फ्रिजबाहेर चालते, म्हणून काही तास वीज गेली तर घाबरू नका, फ्रिजचे दार उघडू नका एवढेच. मात्र एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घरातही ३० अंश ओलांडतात आणि बंद गाडीत तर कितीतरी अधिक होतात. पणजीहून आणताना थंड पिशवी घेऊन जा, जेलच्या पाकिटाभोवती फडके गुंडाळा म्हणजे औषध त्याला थेट टेकणार नाही, आणि वाटेत बाजारहाट न करता सरळ घरी या. दुसऱ्या ब्रँडचे नियम वेगळे असतात, तेव्हा खोक्यातला कागद फेकू नका.

सुई कशी टोचायची हे डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या समोर एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटावर किंवा मांडीवर, दर आठवड्याला जागा बदलून. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाका, कचरा गोळा करणाऱ्यांच्या हाताला ती लागता कामा नये.

आठवडा चुकला तर, मौंजारोच्या बाबतीत, ठरलेल्या दिवसापासून चार दिवसांच्या आत आठवण झाली तर लगेच घ्या आणि पुढची मात्रा नेहमीच्या वारी घ्या. चार दिवस उलटून गेले असतील तर ती सोडून द्या आणि पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. दोन मात्रा एकदम कधीही घेऊ नका. सलग दोन-तीन आठवडे चुकले तर आपल्या मनाने जुनी मोठी मात्रा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा, कारण बऱ्याचदा पुन्हा खालच्या मात्रेपासून चढावे लागते.